टीमच्या रिपोचा ॲक्सेस कोडिंग टूलला द्यायचाय? आधी हे बघून घ्या

टीममधे कोणीतरी नवीन कोडिंग टूल आणतं, एआयवालं असेल नाहीतर नुसतं कोड तपासणारं असेल, आणि पहिल्याच स्क्रीनवर ते म्हणतं गिटहब (टीमचा कोड जिथे ठेवलेला असतो ती साइट) जोडा, मग एक हिरवं बटण, मग परमिशनची यादी, आणि आपण ती यादी न वाचताच पुढे जातो कारण टूल वापरून बघायची घाई असते. स्वतःच्या एकट्याच्या प्रोजेक्टला हे चालून जातं. पण टीमचा रिपो, प्रोजेक्टचा कोड आणि त्याची सगळी हिस्टरी जिथे राहते ती जागा, म्हणजे पाच-दहा-पन्नास जणांचं काम, त्यात क्लायंटचा कोड, त्यात तीन वर्षांपूर्वी कोणीतरी चुकून टाकलेला पासवर्ड, आणि तुम्ही एकदा क्लिक केलं की ह्या सगळ्यांचं दार उघडतं, त्यांना न विचारता. म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. मुख्यतः गिटहब धरून लिहिलंय, गिटलॅब ह्या तशाच दुसऱ्या साइटचं शेवटाकडे थोडक्यात आहे.

मी स्वतः ही चूक केलीय. एका टूलने टोकन मागितलं, म्हणजे पासवर्डऐवजी द्यायची गुप्त किल्ली, मी क्लासिक म्हणजे जुन्या पद्धतीचं टोकन काढलं, त्यात 'रिपो' समोर टिक केली, पेस्ट केलं, चाललं. दोनेक महिन्यांनी त्या टूलच्या सर्चमधे दुसऱ्याच एका टीमचा कोड दिसायला लागला, ज्याच्याशी माझ्या कामाचा काही संबंधच नव्हता, पण कधीतरी मदतीला म्हणून मला तिथे कोलॅबोरेटर केलेलं आणि नंतर कोणी काढलं नव्हतं. टूलचा त्यात काहीच दोष नाही. मी त्याला एका खोलीची किल्ली द्यायच्या ऐवजी माझा अख्खा जुडगा देऊन टाकला होता.

टूल आत येणार ते कोण म्हणून?

सगळ्यात आधी हे समजून घ्या, बाकीचं मग आपोआप जागेवर बसतं. टूल एकतर तुमच्या नावाने आत येतं, नाहीतर स्वतःच्या नावाने.

तुमच्या नावाने म्हणजे ओऑथ ॲप (तुम्ही लॉगिन करून परवानगी दिलेलं) किंवा तुमचं क्लासिक पर्सनल ॲक्सेस टोकन. इथे तुम्हाला जे जे दिसतं ते ते टूलला दिसू शकतं. ओऑथमधली 'रिपो' परमिशन फार जाडीभरडी आहे, तिच्यात प्रायव्हेट रिपो फक्त वाचायची अशी सोयच नाही, वाचायचं म्हटलं की लिहायचा हक्क पण सोबत जातो, आणि कुठले रिपो हे निवडता येत नाही. ह्यातून काय होऊ शकतं ते एप्रिल २०२२ मधे दिसलं. हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय ह्या दोन सेवांना लोकांनी दिलेले ओऑथ टोकन चोरीला गेले आणि ते वापरून डझनावारी ऑर्गनायझेशनचे (गिटहबवरच्या टीमच्या, कंपन्यांच्या खात्यांचे) प्रायव्हेट रिपो उतरवून घेतले गेले, त्यात जावास्क्रिप्टची पॅकेज ठेवणारं एनपीएम पण होतं. गिटहबची स्वतःची सिस्टिम फुटलेली नव्हती, टोकन खरेच होते, लोकांनीच दिलेले.

स्वतःच्या नावाने म्हणजे गिटहब ॲप. हे ऑर्गनायझेशनवर इन्स्टॉल होतं, कुठले रिपो ते एकेक निवडता येतात, परमिशन वेगवेगळ्या असतात म्हणजे कोड वाचणं वेगळं, पीआरवर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल घ्या अशी मागणी) लिहिणं वेगळं, इश्यू (कामांच्या, तक्रारींच्या नोंदी) वेगळे, आणि ते स्वतःच्या नावाने काम करताना जे टोकन वापरतं ते एका तासात संपतं आणि नवीन घ्यावं लागतं. शिवाय ज्या माणसाने इन्स्टॉल केलं तो टीम सोडून गेला तरी ॲप चालू राहतं. पर्सनल टोकनवर उभं केलेलं काम मात्र त्या माणसाचा ॲक्सेस गेला की त्याच दिवशी बंद पडतं, आणि हे कळतं नेमकं रिलीजच्या दिवशी.

माझं मत सरळ आहे, टीमच्या रिपोसाठी टूलकडे गिटहब ॲपचा पर्याय असेल तर तोच घ्या.

तिसरा एक साधा प्रकार आहे, डिप्लॉय की. ही एसएसएच किल्ली (पासवर्डशिवाय ओळख पटवणारी फाइल) एकाच रिपोला लावलेली असते आणि राईटची टिक मुद्दाम केली नाही तर ती फक्त वाचू शकते. एखाद्या सर्व्हरला एकच रिपो खेचायचाय एवढंच काम असेल तर हे पुरतं, पण एकच की दोन रिपोंना लावता येत नाही, त्यामुळे रिपो वाढले की कटकट होते.

इन्स्टॉल वेगळं, ऑथराइज वेगळं

ह्यात जवळजवळ प्रत्येकजण गोंधळतो. ऑथराइज म्हणजे तुम्ही टूलला सांगता की मी म्हणजे हा गिटहब युजर, साधारण लॉगिन केल्यासारखं. इन्स्टॉल म्हणजे ऑर्गनायझेशनने त्या ॲपला आपले रिपो बघायची मुभा देणं. लोक ऑथराइज करतात, टूलमधे आपला फोटो दिसतो, वाटतं झालं जोडून, आणि मग रिपोच्या यादीत टीमचा एकही रिपो दिसत नाही. बिघडलेलं काही नसतं, इन्स्टॉल राहिलेलं असतं.

आता पायऱ्या

तुम्ही ऑर्गनायझेशनचे ओनर नसाल तर इन्स्टॉलचं बटण दाबल्यावर बऱ्याचदा इन्स्टॉलच्या जागी रिक्वेस्ट लिहिलेलं दिसेल. ते दाबलं की ओनरकडे विनंती जाते. एखाद्या रिपोचे तुम्ही ॲडमिन असाल आणि ॲप ऑर्गनायझेशन पातळीची कुठलीच परमिशन किंवा रिपोची 'ॲडमिनिस्ट्रेशन' परमिशन मागत नसेल तर बहुतेकदा त्या रिपोपुरतं तुम्हालाच करता येतं, पण करता येतं म्हणून गुपचूप करू नका, टीमच्या चॅटवर दोन ओळी टाका की अमुक टूल, अमुक रिपो, अमुक कामासाठी. आणि ओनरला रिक्वेस्ट पाठवली असेल तरी हेच टाका, कारण ओनरला विनंती दिसते, पण त्याला कसं कळणार हे कशाला हवंय, मग ती विनंती आठवडाभर पडून राहते आणि आपण म्हणतो ॲडमिन लोक काम करत नाहीत.

इन्स्टॉलच्या स्क्रीनवर दोन गोल असतात, 'ऑल रिपॉझिटरीज' आणि 'ओन्ली सिलेक्ट रिपॉझिटरीज'. ह्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. ऑल निवडलं तर आजचे सगळे रिपो तर गेलेच, पण पुढे तयार होणारे पण जातात, म्हणजे सहा महिन्यांनी कोणीतरी पगाराच्या हिशोबाचा रिपो काढेल आणि त्याला माहीतही नसेल की एक टूल आधीच आत बसलंय. सिलेक्ट निवडा आणि सुरुवातीला एकच रिपो द्या, असा की ज्यावर रोज काम होतं पण ज्यात ग्राहकांचा डेटा किंवा सर्व्हरच्या सेटिंग्ज नाहीत. आठवडा-दोन आठवडे वापरा. मग ऑर्गनायझेशनच्या सेटिंग्जमधे थर्ड पार्टी ॲक्सेसखाली गिटहब ॲप्स आहे, तिथे त्या ॲपसमोर कॉन्फिगर दाबून हवे तसे रिपो वाढवा. वाढवायला एक मिनिट लागतं, पण एकदा टूलने वाचून घेतलेला कोड 'न वाचलेला' करता येत नाही, हा फरक लक्षात असू द्या.

सबमॉड्यूल (रिपोच्या आत जोडलेले दुसरे रिपो) असतील तर ते वेगळे रिपो धरले जातात, तेही निवडावे लागतात, नाहीतर क्लोन, म्हणजे रिपोची प्रत उतरवणं, अर्ध्यावर अडकतं.

त्याच स्क्रीनवर परमिशनची यादी असते. ती वाचायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं, वाचाच. मेटाडेटा रीड असणारच, त्याशिवाय ॲप चालतच नाही. कंटेंट्स रीड म्हणजे कोड वाचता येणार. कंटेंट्स राईट म्हणजे ब्रँच (कोडची वेगळी शाखा) पुश करता, म्हणजे वर चढवता येणार, आणि अडवणारा नियम नसेल तर मर्ज, म्हणजे मुख्य कोडमधे मिसळणं पण. पुल रिक्वेस्ट राईट म्हणजे पीआर उघडणं, कमेंट टाकणं. एवढं कोड लिहिणाऱ्या टूलने मागितलं तर ते रास्त आहे. पण 'वर्कफ्लोज' दिसलं तर थांबा, कारण त्याने टूलला गिटहब ॲक्शन्सच्या (टेस्ट वगैरे आपोआप चालवणाऱ्या) फाइल बदलता येतात, आणि ॲक्शन्समधे तुमचे सीक्रेट (पासवर्ड, किल्ल्या) असतात, म्हणजे जो वर्कफ्लो बदलू शकतो तो सीक्रेटपर्यंत पोचू शकतो. 'ॲडमिनिस्ट्रेशन' राईट किंवा 'सीक्रेट्स' दिसलं तर मी तरी नाहीच म्हणते, रिव्ह्यू करणाऱ्या किंवा कोड लिहिणाऱ्या टूलला त्याचं काय काम. इथे अडचण अशी की गिटहब ॲपच्या परमिशनमधून हे घेतो ते नको असं करता येत नाही, सगळं घ्या नाहीतर सोडून द्या, त्यामुळे यादी पटली नाही तर टूल बनवणाऱ्यांना विचारा की हे कशाला लागतं, आणि धड उत्तर नाही आलं तर दुसरं टूल बघा.

पुढे कधीतरी ॲप नवीन परमिशन मागेल, ओनरला मेल येईल. तो मंजूर करेपर्यंत जुन्याच परमिशन चालू राहतात, त्यामुळे तिथे घाई करायचं काहीच कारण नाही.

राईट द्यायच्या आधी मेन ब्रँचला कुंपण घाला

हा क्रम उलटा करू नका. आधी ब्रँच प्रोटेक्शन किंवा रूलसेट (ब्रँचवर काय चालेल ते ठरवणारे गिटहबचे नियम), मग टूल. मेन ब्रँचवर थेट पुश बंद, फोर्स पुश (जुनी हिस्टरी पुसून वर चढवणं) बंद, पीआर लागणारच, ॲप्रूव्हल लागणारच, टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय मर्ज नाही. रूलसेटमधे बायपासची एक यादी असते, म्हणजे कोणाला हे नियम लागू नाहीत त्यांची, त्यात टूलचं ॲप चुकून घातलेलं नाही ना ते बघा, कारण कधीतरी काहीतरी अडकलं म्हणून कोणीतरी घालून ठेवतं आणि विसरतं. फुकटच्या प्लॅनवर प्रायव्हेट रिपोला ही प्रोटेक्शन लावताच येत नाही. तसं असेल तर टूलला फक्त रीड द्या, कोड त्याच्याकडून मागून घ्या आणि पुश माणसानेच करा.

आता एक गोष्ट जी भल्याभल्या टीमच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे नियम आहे की एकाचं ॲप्रूव्हल हवं आणि पीआर उघडणारा स्वतःच्याच पीआरला ॲप्रूव्ह करू शकत नाही. छान. पण टूलने स्वतःच्या नावाने पीआर उघडला की उघडणारा झालं टूल, आणि ज्या माणसाने टूलला काम सांगितलं तोच येऊन ॲप्रूव्ह करू शकतो, मर्ज करू शकतो. म्हणजे कागदावर दोघांनी बघितलं आणि प्रत्यक्षात दुसऱ्या माणसाने एकदाही बघितलं नाही. काही टूलमधे ह्याला आडकाठी असते, सगळ्यांत नसते. उपाय दोन, एकतर दोन ॲप्रूव्हल सक्तीचे करा, नाहीतर टीममधे ठरवून टाका की काम सांगणारा आणि ॲप्रूव्ह करणारा वेगळा. आणि कोडओनर्सची फाइल (कुठला भाग कोणी तपासायचा त्याची यादी) वापरत असाल तर वर्कफ्लोचा फोल्डर आणि खुद्द कोडओनर्सची फाइल ह्या दोन्हीला अनुभवी लोकांची नावं लावा, आणि कोडओनर्सचं ॲप्रूव्हल सक्तीचं आहे ना ते पण बघा, नुसती फाइल असून भागत नाही.

रिपोत आधीच काय पडलंय?

ॲक्सेस द्यायच्या आधी हिस्टरी तपासा. डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्ड, सेटिंग्जची) डिलीट करून कमिट केली, म्हणजे तो बदल नोंदवला, म्हणून ती गेली असं होत नाही, जुन्या कमिटमधे ती तशीच असते आणि टूलने क्लोन केलं की हिस्टरी पण येऊ शकते. गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग ही दोन टूल त्यासाठीच आहेत, अख्खी हिस्टरी चाळून सापडलेल्या किल्ल्या दाखवतात. सापडली की ती किल्ली आधी रद्द करून नवीन काढा, हिस्टरी साफ करणं नंतरचं काम, कारण हिस्टरी साफ केली तरी कोणाच्या ना कोणाच्या मशीनवर जुना क्लोन असतोच.

अजून एक धोका नवीन टूलसोबत आलाय. एआयवालं टूल फक्त कोड वाचत नाही, ते इश्यू वाचतं, रीडमी वाचतं, पीआरच्या कमेंट वाचतं, आणि तिथे कोणी मुद्दाम लिहून ठेवलं की अमुक फाइल उघड आणि त्यातलं इथे चिकटव, तर ते टूल फसू शकतं. तुमच्या पब्लिक रिपोवर इश्यू तर जगातला कोणीही टाकू शकतो. म्हणून एकाच टूलला, एकाच वेळी, पब्लिक रिपोचे इश्यू आणि प्रायव्हेट रिपोचा कोड दोन्ही देऊ नका. पब्लिकसाठी वेगळी सोय, प्रायव्हेटसाठी वेगळी, थोडं जास्त काम पडतं पण पडू दे.

टूल लॅपटॉपवर चालत असेल तर

टर्मिनलमधे किंवा एडिटरमधे चालणाऱ्या टूलला बहुतेकदा वेगळा ॲक्सेस कोणी देतच नाही, कारण गरजच पडत नाही, ते तुमच्या मशीनवर तुमची एसएसएच की आणि गिटचं (कोडची हिस्टरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) साठवलेलं लॉगिन वापरतं. म्हणजे ऑर्गनायझेशनच्या सेटिंग्जमधे ते कुठेच दिसत नाही आणि तरी तुम्ही जिथे जिथे पुश करू शकता तिथे तिथे ते करू शकतं. हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. टूलला कंटेनरमधे (बाकी मशीनपासून वेगळ्या, बंदिस्त जागेत) चालवा, फक्त त्या प्रोजेक्टचा फोल्डर आत द्या, तुमच्या होम फोल्डरमधल्या किल्ल्या आत जाऊ देऊ नका, आणि गिटहबशी बोलायला त्याला वेगळं फाइन ग्रेन्ड टोकन (ज्यात रिपो आणि परमिशन निवडता येतात असं) द्या.

ते टोकन असं काढायचं. तुमच्या सेटिंग्जमधे सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज, तिथे पर्सनल ॲक्सेस टोकन्स, त्यात फाइन ग्रेन्ड. रिसोर्स ओनरच्या जागी स्वतःचं नाव असतं ते बदलून ऑर्गनायझेशन निवडा, हे राहून गेलं की टोकन टीमच्या प्रायव्हेट रिपोला चालत नाही आणि मग तासभर डोकं खाजवायचं. ऑर्गनायझेशन त्या यादीत दिसतच नसेल तर बहुतेक ओनरने असे टोकन बंद ठेवलेत, त्याच्याशी बोला. मुदत ३० दिवस ठेवा, संपली की परत काढता येतं. रिपो सिलेक्टवाले, परमिशन कंटेंट्स रीड, पुश हवंच असेल तर राईट. टोकन काढल्यावर ते बऱ्याच ठिकाणी ओनरच्या मंजुरीसाठी थांबतं आणि तोपर्यंत त्याला फक्त पब्लिक गोष्टी दिसतात. आणि ते टोकन चॅटवर कोणाला पाठवू नका, ज्याला लागेल त्याने आपापलं काढायचं.

रिपो दिसतच नाही तेव्हा

गिटहब प्रायव्हेट रिपोला परमिशन नाही असं सांगत नाही, तो म्हणतो रिपॉझिटरी नॉट फाउंड, म्हणजे ४०४, कारण असा रिपो आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळू नये. त्यामुळे ४०४ आला की नाव चुकलं असं धरून बसू नका. आधी बघा रिपो निवडलेल्यांत आहे का. मग टोकन किंवा ॲपची रिक्वेस्ट मंजूर झालीय का. तुमच्याकडे सॅमल वालं सिंगल साइन ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे आत येणं) असेल तर क्लासिक टोकन आणि एसएसएच की त्या ऑर्गनायझेशनसाठी वेगळ्या ऑथराइज कराव्या लागतात, टोकनसमोर कॉन्फिगर एसएसओ असं दिसतं, माझ्या अनुभवात निम्म्या वेळा गोची इथेच असते. आयपीची परवानगी यादी (ठराविक इंटरनेट पत्त्यांनाच आत येऊ देणारी) लावलेली असेल तर टूलचा सर्व्हर त्यात नसू शकतो. आणि मधल्या काळात रिपो दुसऱ्या ऑर्गनायझेशनमधे हलवला असेल तर तिथे ॲप इन्स्टॉल आहे का ते बघा. आणि टूलने गिटहबचा पासवर्ड मागितला तर ते टूल बंद करा, गिटसाठी पासवर्ड चालणं १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे, तो मागायचं कोणाला कारणच नाही.

गिटलॅबवर

तत्त्व तेच. प्रोजेक्ट ॲक्सेस टोकन काढा, त्यासोबत एक बॉट युजर तयार होतो म्हणजे काम त्याच्या नावाने दिसतं तुमच्या नाही. गिटलॅब डॉट कॉमवर ह्याला पैसे भरलेला प्लॅन लागतो. स्कोप, म्हणजे टोकनची परमिशन, नुसत्या वाचण्यासाठी रीड रिपॉझिटरी, पुशसाठी राईट रिपॉझिटरी, आणि 'एपीआय' हा स्कोप खरंच लागत असेल तरच, कारण त्यात जवळपास सगळं येतं. रोल डेव्हलपर ठेवा, मेंटेनर नाही, कारण डीफॉल्ट ब्रँचवर मूळ सेटिंगमधे मेंटेनरच पुश करू शकतो आणि तेच कुंपण आपल्याला हवंय. ग्रुपचं टोकन टाळा, त्यात ग्रुपमधले सगळे प्रोजेक्ट येतात.

टूल काढताना

टूल वापरणं बंद झालं की लोक लॉगिन करायचं सोडतात आणि ॲक्सेस तसाच राहतो. काढताना संशय असेल तर आधी सस्पेंड करा, त्याने ॲक्सेस थांबतो पण सेटिंग राहतं, दोन दिवसांत कोणी ओरडलं नाही तर अनइन्स्टॉल. मग प्रत्येकाने आपापल्या सेटिंग्जमधे ॲप्लिकेशन्समधे जाऊन ऑथराइज केलेलं पण रद्द करायचं, ते ऑर्गनायझेशनच्या अनइन्स्टॉलने जात नाही. त्या टूलसाठी काढलेले टोकन, डिप्लॉय की, वेबहुक (रिपोत काही घडलं की टूलला कळवणारी जोडणी) हे वेगळे शोधून काढा. आणि त्यानंतर टूलच्या साइटवर लॉगिन करून तोच रिपो उघडून बघा. तरीही फाइल दिसत असेल तर ती त्यांच्याकडे साठवलेली प्रत आहे, ती काढून टाका असं त्यांना मेलवर लेखी सांगा आणि काढल्याचं उत्तर येईपर्यंत तो विषय बंद करू नका.